मदत हवी आहे : बीटाकॅम एसपी टेप चालवणारं यंत्र इंदूरमध्ये कुणाकडे आहे?

नमस्कार मंडळी. माझ्या आत्याने अर्धं आयुष्य टीव्हीसाठी सामाजिक प्रश्नांवर माहितीपट करण्यात घालवलं. रामबागेतल्या घरी तिच्या पेटीत ३०-३० मिनिटांच्या १९ छोट्या बीटाकॅम एसपी टेप, म्हणजे पूर्वी टीव्हीच्या चित्रीकरणासाठी वापरायचे त्या व्हिडिओ कॅसेट, आहेत. त्यातल्या चार मध्य प्रदेशातल्या हरसूदच्या, जून २००४ मधल्या. नर्मदेवरच्या इंदिरासागर धरणाचं पाणी गावात येण्याआधी लोक स्वतःच्याच घराच्या भिंती पाडून विटा, चौकटी ट्रॉलीत भरत होते, ते त्यात आहे. ते गाव आता नाही, म्हणून जीव तुटतो.

एका दुकानदाराने ‘व्हीएचएसवर चालेल’ म्हटलं. देऊ नका, असं आत्या ठामपणे म्हणाली, आणि तिचंच बरोबर: दोन्हींची पट्टी अर्ध्या इंचाची असली तरी रेकॉर्डिंगची पद्धत वेगळी.

दोन टेपच्या खिडकीतून पट्टीच्या कडेला पांढरी बुरशी दिसते. ती साफ केल्याशिवाय टेप लावायची नाही, एवढं मला कळतं. पण हे काम नीट कोण करतं? इंदूर नाही तर भोपाळ, पुणे, मुंबईही चालेल. टेप कुरियरने मात्र पाठवणार नाही, मी स्वतः घेऊन येईन.

आणखी एक. प्रसारित झालेला माहितीपट वाहिनीचा, पण न वापरलेलं चित्रण कुणाचं? जुना करारनामा सापडत नाहीये. आत्या ७८ वर्षांची आहे. कोण बोलतंय, कुठला मोहल्ला, हे तीच सांगू शकते. कुणाला माहीत असेल तर कृपया लवकर कळवा.