मानेचं ऑपरेशन आणि एमएनडी

तुमच्या बाबांच्या मानेचं ऑपरेशन झालं आणि खरा आजार एमएनडी (मोटर न्यूरॉन डिसीज, स्नायू हलवणाऱ्या मज्जापेशी मरत जाण्याचा आजार) निघाला, म्हणून ‘एमआरआयमध्ये मानेत दाब स्पष्ट दिसत होता, मग निदान चुकलं कसं?’ असं तुम्ही विचारलंय. आमच्या फोंड्याच्या काकांचं अगदी हेच झालं. पन्नाशीनंतर मानेचे मणके बहुतेकांचे झिजलेले असतातच, त्यामुळे खापर त्यांच्यावर फुटतं. काकांना शहाळं तासताना कोयता धरवेना. ऑपरेशन झालं, तरी हात वाळतच गेला. आणि नस दबली की सहसा येतात तशा मुंग्या नाहीत, बधिरपणा नाही! शेवटी एका न्यूरोलॉजिस्टने जीभ बघितली. तोंडात निवांत पडलेली जीभ, पण आत अळ्या वळवळाव्यात तशी थरथरत होती. जिभेची नस मेंदूच्या देठातून निघते, मानेच्या मणक्यांतून नव्हे. म्हणजे जिभेचं हे मानेतल्या दाबामुळे नव्हतं. मग ईएमजी (स्नायूंमधले विजेचे संकेत मोजणारी तपासणी) झाली आणि एमएनडी असल्याचं कळलं. एमएनडीची अशी एकच पक्की तपासणी नाही, सगळी गोची तिथेच. तुमच्या बाबांची ईएमजी ऑपरेशनआधी झाली होती का?