‘गमत नाही’ म्हणजे नेमकं काय?

बर्डीवाला : आत्या नागपूरला महाल भागातल्या जुन्या घरात एकटीच राहते. आमच्याकडे ये म्हटलं की ठरलेलं उत्तर : "मले इथंच गमते रे बाप्पा. तुमच्याकडे चार मानसं असून दुपारी गमत नाही." बायको पुण्याची, तिने विचारलं, गमते म्हणजे? ‘करमते’ असं सांगून टाकलं. पण तेवढंच का? आणि आत्याचा हा एकांत म्हणायचा की एकटेपणा?

शब्दवेडा : करमते बरोबरच आहे. एकाच्या मुळाशी संस्कृत क्रम्, दुसऱ्याच्या गम्. दोन्हीत ‘जाणे’ आहे, म्हणजे वेळ जाणे. (कवितेतलं ‘मज गमे’ म्हणजे ‘मला वाटते’, ते इथे नको.) सोबत असावी की नसावी, यावर क्रियापद गप्प आहे. माणसं ‘शिवाय’ लावून येतात : तुझ्याशिवाय करमत नाही.

धरमपेठी : एकांत ‘मिळतो’, एकटेपणा ‘वाटतो’. उलट करून बघा, कानाला खटकतं. 2018 मध्ये ब्रिटनने लोकांच्या एकटेपणासाठी मंत्री नेमला. त्याला ‘एकांतमंत्री’ म्हटलं तर लोक खोली मागायला जातील! कारण एकांतात दोघंही मावतात. संध्याकाळी फुटाळा तलावावर जा, जोडप्यांना तो कसा मिळत नाही ते दिसेल. तुकोबांचा ‘एकांताचा वास’सुद्धा सुना नाही. वृक्षवल्ली सोयरी आहेत, वनचरं आहेत, आणि शेवटी ‘आपुलाचि वाद आपणांसी’. बोलायला कोणीतरी आहेच की.

शब्दवेडा : हे पटलं. ‘एकलकोंडा’ मात्र बाहेरच्यांनी मारलेला शिक्का. आत्याला तो लावू नका.

बर्डीवाला : लावायची हिंमत कोणाची आहे! काल जाऊन तिलाच विचारलं, एकटं वाटत नाही का? म्हणाली, "सकाळी दूधवाला, मंग शेजारची सून, मंग देऊळ. एकटी कवा असतो मी? कोनी आलं तं बरं वाट्टे, गेलं तं आनखीनच बरं वाट्टे." निघताना दारापर्यंत आली. "उन्हाळा लागला. कूलरची खस बदलाले तेवढा येजो."