वाड्यासोबत कोकणात जाणाऱ्या मुलींच्या लोहाच्या गोळ्या चुकतात, काय करावं?

माणदेश_शिक्षिका
नमस्कार. आमच्याकडे सहावी ते नववीच्या बऱ्याच मुली मेंढपाळ धनगर घरांतल्या आहेत. दिवाळीच्या आसपास वाडे (मेंढरं घेऊन फिरणाऱ्या कुटुंबांचे तळ) कोकणात उतरतात. काही मुली आजीजवळ राहतात, काही वाड्यासोबत जाऊन पावसाच्या तोंडावर परततात. मग शाळेत दर सोमवारी मिळणारी लोहाची निळी गोळी बंद पडते. आत्ताच्या तपासणीत काहींचं हिमोग्लोबिन ९ ते १०.५ आलंय. त्यांना आठवड्याची गोळी पुरेल का? सोबत गोळ्या द्यायच्या तर किती? आणि मळमळतं म्हणून मुली गोळी दप्तरात ठेवून देतात, त्याला काय उपाय?

प्राआकेंद्र_डॉक्टर
मॅडम, नाही पुरणार. आठवड्याची गोळी (६० मिग्रॅ लोह, ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड) ही रक्त कमी होऊ नये म्हणून आहे. ज्यांचं आधीच उतरलंय त्यांना उपचाराचा डोस लागतो. १२ वर्षांपुढच्या मुलींत १२ च्या खाली म्हणजे ॲनिमिया: ११ ते ११.९ सौम्य, ८ ते १०.९ मध्यम, ८ च्या खाली तीव्र. सौम्य आणि मध्यम असेल तर याच निळ्या गोळ्या रोज २, जेवणानंतर, ३ महिने, म्हणजे एकीला साधारण १८०. आरोग्य केंद्रातून तपासून, लिहून घेऊनच सुरू करा. ८ च्या खाली असलेल्या मुलीला गोळ्या देऊन वाड्यासोबत पाठवू नका, आधी डॉक्टरांकडे न्या.

महिन्याने पुन्हा तपासा. किमान १ ग्रॅम वाढलं पाहिजे. गोळ्या नीट घेऊनही वाढलं नाही तर नुसतं लोह देत राहू नका. थॅलेसेमिया मायनर (रक्ताचा आनुवंशिक दोष), बी-१२ ची कमतरता, पाळीतला जास्त रक्तस्राव हे बघावं लागतं. पाळी ७ दिवसांपेक्षा जास्त चालते का, गाठी पडतात का, हे तुम्हीच विचारा. मुली पुरुष डॉक्टरला सांगत नाहीत.

१२ झालं की लगेच थांबायचं नाही. ३ महिने पुरे करून शरीरातला साठा भरू द्या, मग पुन्हा आठवड्याला १.

एक गोष्ट मात्र विसरू नका. वाड्यावर लहान पोरं असतात आणि गोळीला साखरेचं वेष्टण असतं. १० किलोच्या बाळाने ४ गोळ्या खाल्ल्या तरी विषबाधा सुरू होऊ शकते, १० गोळ्या जिवावर बेततात. म्हणून एका वेळी सगळ्या देऊ नका, एका महिन्याच्या द्या. घट्ट झाकणाच्या डब्यात, पोरांचा हात पोचणार नाही अशा जागी ठेवायला आईला सांगा. बाळाने गोळ्या खाल्ल्याचा संशय आला तरी उलटीची वाट न बघता दवाखाना गाठायचा.

लॅब_टेक्निशियन
उपचाराआधी आकडा बरोबर आहे ना बघा. शाळेतल्या डिजिटल मशीनवर हमखास होणारी चूक म्हणजे बोट पिळणं. त्याने रक्तात ऊतींतलं पाणी मिसळतं आणि आकडा कमी येतो. हात कोमट पाण्याने धुवून पूर्ण कोरडा करायचा, स्पिरिट सुकू द्यायचं, टोचल्यावर पहिला थेंब कोरड्या कापसाने पुसायचा आणि आपोआप आलेला पुढचा थेंब घ्यायचा. स्ट्रिपच्या बाटलीचं झाकण लगेच लावा, दमट हवेत स्ट्रिपा खराब होतात. ८, ११ किंवा १२ च्या काठावरचा आकडा आला तर दुसऱ्या बोटावर पुन्हा बघा.

आहार_पोषण
मळमळीबद्दल. गोळी उपाशीपोटी नको. रात्रीच्या जेवणानंतर घेतली की बहुतेकींना त्रास होत नाही. दोन एकदम सोसत नसतील तर एक दुपारी, एक रात्री. शौचाला काळं होतं, हे आधीच सांगा, नाहीतर घरचे घाबरून बंद करतात.

खरा अडथळा चहा. वाड्यावर भाकरीबरोबरच चहा होतो, त्यातलं टॅनिन लोह अडवतं. जेवण आणि गोळी यांच्यापासून चहा-दूध तासभर, जमल्यास दोन तास लांब. दूध भरपूर आहे म्हणजे रक्त वाढेल हा समजही काढा. दुधात लोह नगण्य असतं आणि शेळीच्या दुधात फोलेट (फॉलिक ॲसिडचंच नैसर्गिक रूप) फारच कमी.

बाजरीत लोह चांगलं आहे, पण धान्यातल्या फायटेट नावाच्या घटकामुळे शोषण कमी होतं. पीठ आंबवून आंबील केली, हुलगा-मटकीला मोड आणले की ते सुधारतं. वर लिंबू पिळा. कोकणात फेब्रुवारी ते मे काजूची बोंडं मिळतात, त्यांत संत्र्याच्या कितीतरी पट क जीवनसत्त्व असतं; जेवणासोबत एक खायला सांगा. मेंढरू कापलं तर कलेजी मुलीच्या ताटात पडू दे. पण ९ चं १२ निव्वळ गूळ-खजुराने होत नाही, गोळी लागतेच.

माणदेश_शिक्षिका
खूप आभार. जंताच्या गोळीचं कसं? फेब्रुवारीत त्या इथे नसतात. आणि पुढच्या महिन्याच्या गोळ्या कुठून?

प्राआकेंद्र_डॉक्टर
बरोबर पकडलंत. जंतनाशक दिवस वर्षातून दोनदा असतो. १० फेब्रुवारीला वाडा कोकणात, म्हणजे हाती फक्त १० ऑगस्ट. अल्बेंडाझोल ४०० मिग्रॅ, १ गोळी, चावून. निघण्याआधी आरोग्य केंद्राला विचारून द्या, किंवा कोकणात जवळच्या शाळेत-अंगणवाडीत घ्यायला सांगा. अनवाणी फिरणाऱ्या मुलींना हूकवर्म हा जंत लागतो आणि तो रोज रक्त पितो. मेंढ्यांना पाजायचं जंताचं औषध मात्र मुलींना अजिबात नको.

गोळ्या कुठल्याही सरकारी आरोग्य केंद्रात किंवा उपकेंद्रात मोफत मिळतात. मुलीजवळ एक कागद द्या: नाव, वय, हिमोग्लोबिन, तारीख, किती गोळ्या दिल्या, पुढची तपासणी कधी. प्लास्टिकच्या पिशवीत घालून डब्यातच ठेवा. ताप किंवा जुलाब असतील तेवढे दिवस गोळी थांबवायची, ताप असेल तर मलेरियाची तपासणी करायची, हेही त्यावर लिहा.