सही केली म्हणून हक्क सुटतो का?

धागाकर्ता: किमान वेतनापेक्षा कमी पगार ठरला, कामगाराने मुकाट सही केली, वर्षभर राबलाही. आता तो फरक मागतोय आणि मालक म्हणतो, "तेव्हा कबूल होतास ना?" माझ्या मते ती कबुली कवडीमोल आहे. १९४८ च्या किमान वेतन कायद्याच्या कलम २५ प्रमाणे असा करार रद्दबातल ठरायचा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेतही (आहे २०१९ ची, कपाटातून निघायला सहा वर्षं लागली) तेच म्हटलंय. शिवाय आता ठरावीक धंद्यांची यादी उरली नाही, किमान वेतन सगळ्यांनाच. तुमचं मत?

वर्कशॉपवाला: साफ अमान्य. दोन सज्ञान माणसांनी आपसात ठरवलं, यात जबरदस्ती कुठे आली? काम नसेल त्या महिन्यात मी स्वतः घरी काही नेत नाही. दर सक्तीने लावलात तर चारांच्या जागी तिघे ठेवीन. चौथ्याच्या पानात कलम २५ वाढणार का?

हिशेबनीस: जबरदस्ती कुठे, याचं उत्तर सर्वोच्च न्यायालयाने १९८२ सालीच दिलंय. एशियाडच्या बांधकामांवरच्या मजुरांचा खटला होता. न्या. भगवती म्हणाले की किमान वेतनाहून कमी पैशात राबवून घेणं ही घटनेच्या कलम २३ मधली सक्तीची मजुरीच. भुकेपोटी दिलेला होकार हा होकार धरता येत नाही. आणि "परवडत नाही" म्हणाल, तर १९६१ च्या उन्नीचोयी खटल्यात तेही निकालात निघालंय. किमान वेतन ठरवताना मालकाची ऐपत बघायची नसते.

वर्कशॉपवाला: निकाल तोंडपाठ दिसतात! बरं, मी पूर्ण पैसे रोख दिले आणि तीन वर्षांनी कोणी येऊन मिळालेच नाहीत म्हणाला, तर?

हिशेबनीस: तर दिल्याचं तुम्ही सिद्ध करायचं, वेतन संहितेचं कलम ५९. म्हणून तर हजेरीपट आणि वेतनचिठ्ठी ठेवायची. दाव्याची मुदत पूर्वी सहा महिने होती, आता तीन वर्षं आहे. फरक तर द्यावा लागतोच, वर त्याच्या दहा पटीपर्यंत भरपाई लावता येते.

जुना सुपरवायझर: दोघांनीही कागदच धरलाय. मी एका ठेकेदाराकडे होतो. खात्यात अगदी नियमाप्रमाणे पगार जमा व्हायचा. संध्याकाळी प्रत्येकाने फरकाची रक्कम रोख आणून द्यायची. नाही दिली तर उद्यापासून येऊ नकोस. ती पाकिटं मीच गोळा करायचो, लपवत नाही. आता बँकेचं स्टेटमेंट कोणाच्या बाजूने बोलणार? तुमच्या कलम ५९ चा पुरावा मालकाने आधीच तयार करून ठेवलेला असतो.

हिशेबनीस: हा मुद्दा खरा आहे आणि माझ्याकडे याला पूर्ण उत्तर नाही. पण एकट्यानेच पुढे व्हायला हवं असं नाही. तो ज्या संघटनेचा सभासद असेल ती दावा लावू शकते, निरीक्षकही लावू शकतो. वीस जणांनी एकाच तारखेला तेवढीच रक्कम काढल्याचं दिसलं, तर तेच स्टेटमेंट उलटं बोलू लागतं. आणि ठेकेदाराने पैसे दिले नाहीत तर आस्थापनेच्या मालकाला द्यावे लागतात, कलम ४३.

धागाकर्ता: पाकिटांची गोष्ट वाचून गप्प झालो. सहीबद्दल माझं मत मात्र कायम.

वर्कशॉपवाला: कमी पगाराला पहिल्यांदा दंड ५० हजारांपर्यंत, पाच वर्षांत पुन्हा सापडलं तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड, नाहीतर दोन्ही. बड्यांना ही चिल्लर, माझं मात्र शटर खाली. आधी पाकिटं घेणाऱ्यांना धरा, मग माझ्याकडे या. बाकी, माझ्याकडच्या हेल्परचा दर उद्या तपासून बघतो. तपासतो म्हणजे तुमचं पटलं असं समजू नका.