बंद छापखान्याची जागा मिळतेय, तालमी-क्लाससाठी हॉल करावा म्हणतोय, कुणी केलंय का असं?

नारायणपेठी
नमस्कार मंडळी. आमच्या गल्लीत एक छापखाना आहे, म्हणजे होता, सात-आठ वर्षं झाली बंद पडून. लग्नपत्रिका, बिलबुकं, हँडबिलं असलं काम चालायचं, शाळेतनं येताना आम्ही दाराशी उभं राहून ट्रेडल मशीनचा खडखडाट ऐकायचो. मालक वारले, आता तीन मुलं, एक इथे, एक नाशिकला, एक अमेरिकेत. बिल्डरशी तीनदा बोलणी झाली नि तीनदा मोडली कारण प्लॉट चिंचोळा नि बोळ जेमतेम दहा फुटी, कुणाचंच गणित बसत नाही. आता इथले दादा म्हणतात नुसती पडून राहण्यापेक्षा तुम्ही पोरं काही करणार असाल तर तीन वर्षं घ्या, भाडं महिना पंधरा हजार, डागडुजी तुमची तुम्ही करा.

जागा साधारण बाराशे स्क्वेअर फूट, सगळी तळमजल्यावर. पुढे कौलं, मागच्या भागावर पत्रे. एका बाजूला लाकडी माळा आहे तिथे कागदाची रिमं ठेवायचे. पुढे शटर, मागे बोळात उघडणारं एक छोटं दार. मशीन नि टायपाच्या केसेस, म्हणजे छपाईच्या अक्षरांचे खणांचे ट्रे, अजून आतच आहेत, दादा म्हणतात भंगारवाल्याला देऊन टाका.

डोक्यात असं आहे की नाटकाच्या तालमी, कथक, मुलांचे चित्रकला नि मातीकामाचे क्लास, आणि महिन्यातनं दोनदा तरी छोटा प्रयोग. खाली पन्नास माणसं, माळ्यावर पंचवीस-तीस. सुदर्शन रंगमंचावर नाटकं बघतच मोठे झालोय, शनिवार पेठेत एवढ्याशा जागेत इतकं काही होऊ शकतं तर आपण थोडं का नाही करू शकत. आम्ही सातजण आहोत, सगळे नोकरीवाले, प्रत्येकी तीस हजार काढलेत. परवानग्या काय लागतात? साउंडप्रूफिंगला अंड्याचे ट्रे लावले तर चालतील का, एका मित्राच्या पोल्ट्रीतून फुकट मिळतात. आणि खरा प्रश्न म्हणजे भाडं सुटेल का?

एकदा बुडालेला
शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो कारण आम्ही तो शेवटीच विचारला होता. कोथरूडला एका बंगल्याच्या गॅरेजमध्ये आम्ही असाच उद्योग केला, एकोणीस महिन्यांत गाशा गुंडाळला. सगळे पैसे दिवे, काळा रंग नि काळे पडदे यात घातले. प्रयोग व्हायचे शनिवार-रविवार आणि भाडं असतं तीस दिवसांचं, हे कळायला दीड वर्ष लागलं.

तुमचं गणित साधं मांडून बघा. भाडं, वीज, सफाईच्या मावशी, किरकोळ दुरुस्त्या धरून पंचवीस हजार म्हणा. तासाला दोनशे रुपये लावले तर महिन्याला सव्वाशे तास, म्हणजे रोज चार-सव्वाचार तास जागा कुणीतरी वापरलीच पाहिजे, अगदी मंगळवारी दुपारीसुद्धा. ऐकायला सोपं वाटतं. पण नाटकवाल्यांना सगळ्यांना तीच वेळ हवी असते, संध्याकाळी सात ते दहा. ती एकच वेळ विकून नव्वद तास होतात, तेही रोज भरली तर. उरलेले तास सकाळ-दुपारचे आणि तेच तुम्हाला तारणार किंवा बुडवणार. आमच्याकडे एक भजनी मंडळ दुपारी रोज दोन तास मागत होतं, आम्ही नाही म्हणालो, आपण प्रायोगिक वगैरे ना! आजही आठवलं की स्वतःचीच लाज वाटते.

प्रयोगाचा हिशोब तर धरूच नका. पन्नास तिकिटं दीडशेनं गेली तरी साडेसात हजार, त्यातले निम्मे तरी ग्रुपला द्यावे लागतात. आणि ऑगस्टमध्ये पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धेच्या तालमींसाठी कॉलेजची पोरं दारात रांग लावतात त्याला भुलू नका. करंडक संपला की सप्टेंबरात शुकशुकाट.

स्लॅबवाला
माळ्यावर प्रेक्षक बसवायचा विचार आत्ताच्या आत्ता सोडा. बाकी सगळं नंतर.

व्यवसायाने स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे म्हणून थोडं सविस्तर सांगतो. घराच्या खोल्यांसाठी आपण चौरस मीटरला २०० किलो वजन धरून डिझाइन करतो. बसवलेल्या खुर्च्यांच्या सभागृहाला तोच आकडा ४०० होतो, आणि खुर्च्या बसवलेल्या नसतील, माणसं हलती-फिरती असतील तर ५००. आयएस ८७५ या भारतीय मानकाच्या दुसऱ्या भागात आहे हे. तुम्ही म्हणाल कागदाची रिमं काय हलकी असतात का. नसतात, पण कागद जागेवरून उठत नाही. माणसं एकदम उठतात, टाळ्या वाजवतात, जिन्यापाशी गर्दी करतात आणि त्या लाकडाला आता किती वर्षं झालीयत? तुळईचं टोक जिथे भिंतीत शिरतं तिथे स्क्रूड्रायव्हर टोचून बघा. मधे लाकूड ठणठणीत असतं नि टोकाला ओल आणि वाळवीने भुसा झालेला असतो, पेठेतल्या वाड्यांत हे इतक्यांदा बघितलंय की काय सांगू.

दुसरं, दिवे छपराच्या कैचीला टांगू नका. ती कैची कौलं पेलायला केलीय. जमिनीवर उभा राहील असा पाइपचा स्वतंत्र सांगाडा करून घ्या. फॅब्रिकेशनवाला दोन दिवसांत करतो, आणि जागा सोडलीत तर सोबत नेता येतो. तळमजल्याची काळजी नाही, जिथे छपाईची मशीनं धडधडली तिथे तुमची नाचणारी मंडळी काय करणार.

दिवेवाला
स्लॅबवाल्यांना कैचीबद्दल शंभर टक्के अनुमोदन, एकदा दौऱ्यात एका गावच्या हॉलमध्ये कौल डोक्यावर येता येता वाचलोय.

अंड्याचे ट्रे. अरे बाबा नको. ट्रेनं किंवा फोमनं आतला घुमारा थोडा कमी होतो, आवाज बाहेर जायचा थांबत नाही, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि लोक नेहमी गोंधळतात. आवाज अडवायला वजन लागतं आणि फटी बुजवाव्या लागतात. तुमच्या विटांच्या जाड भिंती चांगल्याच आहेत, आवाज जाणार तो शटरमधून, मागच्या दारातून नि कौलांमधून. शटरच्या आत जाड लाकडी दार करा, कडेला रबरी पट्टी लावा, छताखाली जिप्समचं सीलिंग नि त्यावर रॉकवूल, पण त्याचं वजन कैचीला झेपेल का ते आधी स्लॅबवाल्यांसारख्या कुणाला तरी जागेवर नेऊन विचारा. पैसे नसतील तर निदान दारांचं करा. ट्रे कागदाचे, भुरुभुरु जळतात, आणि स्वस्तातला फोम जळला की विषारी धूर करतो, तो तर बंद जागेत अजिबात लावू नये.

पत्र्याबद्दल कुणी बोललं नाही अजून. जुलैत पाऊस लागला की पत्र्याखाली शेजारच्या नटाचं वाक्य ऐकू येत नाही. तालीम मूकनाट्याची असेल तर ठीक.

विजेचं सांगतो. छापखाना म्हणजे थ्री फेज असणार, पण मीटर अजून आहे का महावितरणनं काढून नेलाय ते बघा, थकबाकी असेल तर आत्ताच कळू दे. स्टेजचे जुने दिवे, पार कॅन, एकेक हजार वॅटचे असतात, बारा लावले की बारा किलोवॅट नि वर भट्टीसारखी गरमी. एलईडी घ्या, सेकंडहँड मिळतात. आणि सुरुवातीला सहा पुरे, खरंच पुरे. दोन दारं आहेत हे तुमचं नशीब, दोन्ही बाहेरच्या बाजूला उघडणारी करा आणि मागच्या दारापाशी सेटचं सामान रचून ठेवू नका, सगळे ठेवतात.

तिकीट लावून नाटक करायचं तर संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून पास झालेली लागते, पोलिसांचा परवाना वेगळा. नुसत्या तालमींना यातलं काही नाही.

कागदपत्रवाली
परवानग्यांचं मी सांगते, पण त्याआधी मालकी. प्रॉपर्टी कार्डवर अजून वडिलांचंच नाव आहे का? तिन्ही भावांच्या सह्या हव्यात, अमेरिकेतल्यांची पॉवर ऑफ ॲटर्नी हवी. एका दादांच्या शब्दावर दोन लाख घालू नका, दादा कितीही चांगले असले तरी. लीव्ह अँड लायसन्स करार रजिस्टर करणं १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने सक्तीचंच आहे आणि ती जबाबदारी मालकाची असते, त्यामुळे ‘आपलं आपल्यात’ असं कुणी म्हणालं तर हसून नाही म्हणा. करारात एक ओळ जरूर घाला की तीन वर्षांच्या आत जागा विकायला काढली तर डागडुजीचा खर्च उरलेल्या महिन्यांच्या हिशोबाने परत मिळेल. बिल्डर चौथ्यांदा येणारच नाही असं थोडीच आहे.

तुम्ही सातजण आहात ते बरं झालं, १८६० च्या कायद्याखाली संस्था नोंदवायला किमान सात लागतात. आपल्याकडे ती धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात होते आणि सोबत १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखालीही नोंद होते. पैशाचा व्यवहार कुणा एकाच्या खात्यातून करू नका, मैत्र्या तिथेच तुटतात. छापखान्याची जागा म्हणजे घरपट्टी बहुधा बिगरनिवासीच असेल, पण छापखाना वेगळा आणि लोक जमण्याची जागा वेगळी, वापर बदलाचं पालिकेच्या बांधकाम खात्यात आर्किटेक्टमार्फत विचारून घ्या. आगीची यंत्रणा लायसन्सधारक एजन्सीकडून बसवायची आणि २००६ च्या कायद्याप्रमाणे ती चालू असल्याचं सर्टिफिकेट दर वर्षी जानेवारी नि जुलैत द्यायचं. दहा फुटी बोळात बंब शिरणार कसा हेही विचारतील, उत्तर तयार ठेवा.

मागच्या खिडकीतून
मी अशाच एका हॉलच्या मागे राहतो, अकरा वर्षं. तुमच्या गल्लीतल्या लोकांच्या वतीने बोलतो कारण ते इथे येऊन लिहिणार नाहीत, ते थेट पोलिसांना फोन करणार.

निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल नि रात्री ४५ ही मर्यादा आहे आणि रात्र दहाला सुरू होते. पण मला आतल्या आवाजाचा कधीच त्रास झाला नाही, खोटं कशाला बोलू. त्रास होतो तालीम संपल्यावर. दहाला हॉल बंद होतो आणि पंधरा पोरं माझ्या खिडकीखाली गाड्यांवर बसून साडेअकरापर्यंत त्याच नाटकाची चर्चा करतात, मधे कुणीतरी चहा आणतं, मग परत एकदा प्रवेश करून दाखवतात!! वर बोळात वीस टू व्हीलर लावलेल्या, म्हातारं माणूस पडलं तर स्ट्रेचर कुठून नेणार? कलेला विरोध नाही. बोळात झोपणाऱ्यांचंही काहीतरी असतं की नाही?

नारायणपेठी
काका, राग मान्य पण आम्ही अजून सुरूही केलेलं नाही हो.

मागच्या खिडकीतून
म्हणूनच आत्ता सांगतोय. सुरू झाल्यावर कोण ऐकतं.

घुंगरू
काकांचं बरोबर आहे. तालीम साडेनऊला संपवा आणि गप्पा मारायला अर्धा तास आतच द्या, फुकट. आमच्या जुन्या हॉलमध्ये असं केल्यावर तक्रारी थांबल्या.

कथकचं म्हणाल तर सकाळी सात ते नऊ नि दुपारी चार ते सहा मी आत्ता घेते, पण आधी जमीन दाखवा. सिमेंट कोब्यावर किंवा फरशीवर तत्कार, म्हणजे पायांचे ठेके, करून माझ्या दोन मुलींचे गुडघे गेलेत. खाली लाकडी पट्ट्या, वर प्लायवूड, वर मॅट, म्हणजे जमीन थोडी दबली पाहिजे. सगळीकडे नको, मधला वीस बाय वीसचा तुकडा पुरे. आणि एवढ्या लांबलचक चर्चेत टॉयलेटचा ट सुद्धा नाही! कपडे बदलायला आडोसा, आतून लागणारी कडी, बोळात एक दिवा. हे नसेल तर आया मुलींना पाठवणार नाहीत आणि मग तुमचे ते सकाळ-दुपारचे तास कुठून भरणार?

जुना खिळेजुळारी
नमस्कार. मी आयुष्यभर खिळे, म्हणजे छपाईचे टाइप, जुळवले, अशाच एका छापखान्यात, पेठेतच. सगळ्यांनी महत्त्वाचं लिहिलंय पण एक गोष्ट कुणाच्या ध्यानात आली नाही. ते खिळे शिशाचे असतात, शिसं नि त्यात अँटिमनी आणि कथील. इतक्या वर्षांची धूळ केसेसच्या खणांत नि जमिनीच्या भेगांत बसलेली असते. आम्हाला तेव्हा कुणी सांगितलं नाही, आम्ही त्याच हाताने डबा खायचो. तुम्ही तिथे लहान मुलांना मातीकाम शिकवणार, ती जमिनीवर बसणार, बोटं तोंडात घालणार. तेव्हा कोरडा झाडू अजिबात मारू नका, धूळ उडते. तोंडाला चांगला मास्क लावून ओल्या फडक्याने दोन-तीनदा पुसून घ्या, फडकी टाकून द्या, आणि मुलं येण्याआधी जमिनीवर नवीन थर घाला. ताईंची लाकडी जमीन नुसत्या मधल्या तुकड्यात पुरणार नाही, सगळीकडे काहीतरी घालावं लागेल.

आणि मशीन भंगारात देऊ नका हो. ट्रेडल पायाने चालतं, वीज लागत नाही. केसेसमध्ये खिळे शिल्लक असतील तर मला बघायला आवडेल. वरच्या नि खालच्या केसमधला कुठला खण कुठल्या अक्षराचा ते बोटांना अजून आठवतं. तुमच्या प्रयोगांची हँडबिलं तिथेच छापता येतील, मात्र मुलांना लांब ठेवून.

नारायणपेठी
दोन दिवस गप्प होतो कारण सातजणांची मीटिंग झाली आणि त्यात थोडी भांडणंही झाली. माळा कटाप. काल स्क्रूड्रायव्हर घेऊन गेलो, तिसऱ्या तुळईत मुठीपर्यंत गेला, फोटो काढून ग्रुपवर टाकला तेव्हा कुठे आमचा एक हट्टी मित्र गप्प बसला. अंड्याचे ट्रे पोल्ट्रीला परत. पहिलं वर्ष प्रयोग नाहीतच, दिवे सहा, पैसे आधी जमीन, टॉयलेट आणि दोन दारांवर. घुंगरूताई, तुम्हाला मेसेज केलाय, एका भजनी मंडळाशीही बोललोय, त्यांना दुपारचे दोन ते चार हवेत. नाशिकचे भाऊ सही द्यायला तयार, अमेरिकेतल्यांचं अजून उत्तर नाही, ते आल्याशिवाय एक रुपया खर्च करायचा नाही असं ठरलंय.

खिळेजुळारी आजोबा, मशीन ठेवतोय, दादांना पटवलं. रविवारी सकाळी दहाला याल का? केसेस अजून कुणी उघडलेल्या नाहीत, मास्क नि ओली फडकी तयार ठेवतो. चहा आमच्याकडून, समोरच्या हॉटेलात बसून पिऊ, बोळात नाही.