हाफपाइपच्या पंचांची पात्रता कशी ठरवावी?

प्रश्न: २०२२च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये स्नोबोर्डिंगच्या हाफपाइप प्रकारात (बर्फातल्या अर्ध्या नळीसारख्या उतारावरच्या कसरती) जपानच्या आयुमू हिरानोच्या ट्रिपल कॉर्क १४४० (हवेत तिरक्या अक्षात तीन कोलांट्या व एकूण चार पूर्ण फिरक्या) असलेल्या दुसऱ्या फेरीला फक्त ९१.७५ गुण मिळाले आणि त्याच कसरती तिसऱ्या फेरीत पुन्हा केल्यावर ९६ मिळून तो सुवर्णविजेता ठरला. पंचांच्या प्रशिक्षणात नेमके काय कमी पडते?

प्रतिसाद १: सहा पंचांपैकी सर्वोच्च व नीचतम गुण वगळून सरासरी काढतात, त्यामुळे एकट्याची चूक झाकली जाते, सगळ्यांचाच अंदाज एका दिशेने चुकला, तर मात्र ही पद्धत निरुपयोगी ठरते. म्हणून प्रमाणपत्रापूर्वी उमेदवाराने जुन्या फेऱ्यांच्या चित्रफितींना स्वतंत्रपणे गुण द्यावेत आणि उंची, अवघडपणा, सफाई, वैविध्य यांच्या आधारे प्रत्येक आकड्याचे समर्थन करावे, असे मला ठामपणे वाटते.

प्रतिसाद २: त्याच ऑलिंपिकमध्ये स्लोपस्टाइलमध्ये (अडथळे व उड्यांच्या उतारावरचा स्नोबोर्डिंग प्रकार) कॅनडाच्या मॅक्स पॅरोने हवेत बोर्डऐवजी गुडघा पकडल्याचे पंचांच्या नजरेतून सुटले, कारण त्यांच्यासमोर एकाच कोनातले चित्रण होते. प्रशिक्षित डोळ्यांनाही पुरेसे कॅमेरे हवेत.

प्रश्नकर्ता: मान्य आहे. तरीही हिरानोच्या बाबतीत कॅमेऱ्याचा प्रश्न नव्हता, त्यामुळे प्रमाणपत्राची मुदत ठेवून दर हंगामापूर्वी नव्या कसरतींवर फेरपरीक्षा घ्यावी, ही माझी आग्रहाची सूचना आहे.