रविवारच्या साधनेचा प्रस्ताव: सोसायटीच्या ग्रुपवरील चर्चा

ए-५०२: सर्व सभासदांस नमस्कार. आपल्या तिन्ही इमारतींत मिळून हिंदू, जैन, बौद्ध, मुस्लिम आणि ख्रिस्ती अशी घरे आहेत. फराळ, शीरखुर्मा आणि नाताळचा केक यांची देवाणघेवाण नियमित होते. मात्र शेजारच्या घरात सण नसताना, एरवीच्या दिवशी, कोणते आचरण चालते हे आपल्याला सहसा ठाऊक नसते. म्हणून दर रविवारी सकाळी सात वाजता सभागृहात अर्धा तास बसावे आणि प्रत्येक आठवड्याला एका धर्मातील साधना करून पाहावी, असा माझा प्रस्ताव आहे. एका रविवारी आनापान (श्वासावर लक्ष ठेवण्याचे बौद्ध ध्यान), पुढच्या रविवारी नामस्मरण, त्यानंतर सामायिक (ठरावीक वेळ समभावात बसण्याची जैन साधना), असा क्रम ठेवता येईल.

नाशिकला ही वृत्ती नवीन नाही. पांडवलेण्यांतील दहाव्या लेण्यात क्षत्रप राजा नहपान याचा जावई उषवदात याचे लेख आहेत. देव-ब्राह्मणांना सोळा गावे दिल्याचे आणि हे लेणे भिक्षुसंघासाठी कोरवून घेतल्याचे, अशी दोन्ही दाने तेथे शेजारी शेजारी नमूद आहेत. त्याने गोवर्धन येथील विणकरांच्या एका श्रेणीकडे (व्यावसायिक संघाकडे) दोन हजार कार्षापण (त्या काळची नाणी) दरमहा शेकडा एक व्याजाने ठेवले, ते वीस भिक्षूंना चीवरासाठी, म्हणजे वस्त्रांसाठी, वर्षाला प्रत्येकी बारा कार्षापण मिळावेत म्हणून. (उभी नोकरी बँकेत गेल्यामुळे मी हिशेब करून पाहिला, व्याज बरोबर दोनशे चाळीस येते.)

बी-३०३: काका, हेतू चांगला आहे, पण आठवड्याला बदलणारी साधना मला पटत नाही. इगतपुरीच्या धम्मगिरी ध्यानकेंद्रात ज्यांनी दहा दिवसांचे शिबिर केले आहे त्यांना तिथली शिस्त माहीत आहे: पहाटे चारला घंटा, मोबाइल जमा, आर्य मौन आणि रात्रीच्या जेवणाला सुट्टी. याहून कठीण अट अशी, की शिबिर संपेपर्यंत आपला नेहमीचा जप, माळ, पूजा, उपवास किंवा दुसरे कोणतेही ध्यान बाजूला ठेवावे लागते. पुष्कळांना ही अट खटकते. पण एखाद्या पद्धतीची खरी परीक्षा घ्यायची असेल तर तिच्यात दुसरे काही मिसळून चालत नाही, हे त्यामागचे कारण साधे आहे. पहिले साडेतीन दिवस केवळ श्वास पाहण्यात जातात आणि त्यानंतर विपश्यना (शरीरातील संवेदना तटस्थपणे पाहणे) सुरू होते. तिचा अर्ध्या तासाचा नमुना मागणे म्हणजे छाटणी न करता वेलीकडे द्राक्षाचे घड मागण्यासारखे आहे.

दुसरा मुद्दा थोडा कठोर वाटेल. २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला आणि अनेक वर्षे चालूनही प्रवेश मिळाला नाही. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी आपल्याच जिल्ह्यात, येवल्याला, बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात दीक्षा घेतली. आमच्या घरात त्रिशरण (बुद्ध, धम्म आणि संघ यांना शरण जाणे) आणि पंचशील (आचरणाचे पाच नियम) या वाटेने आले आहेत. ती आवडीनिवडीची बाब कधीच नव्हती. शिवाय पंचशीलातले पाचवे शील मद्यापासून दूर राहण्याचे आहे. रविवारी सकाळी ते सामूहिकपणे म्हणायचे आणि ३१ डिसेंबरच्या रात्री त्याच सभागृहात जे चालते ते पाहायचे, हे मला जमणार नाही.

सी-४०२: ताईंचे म्हणणे रास्त आहे. आमच्याकडेही गळ्यात माळ आली की मांसाहार आणि दारू सुटते, एकादशी आणि वारी मागोमाग येतात. पौष वद्य एकादशीला त्र्यंबकेश्वरी निवृत्तीनाथांच्या यात्रेत कोणीही टाळ हातात घ्यावा, त्याला अडवणारा कोणी नाही. पण तेवढ्याने माणूस माळकरी होत नाही.

सी-१०४: सामायिक अठ्ठेचाळीस मिनिटांचे असते, त्यामुळे काकांच्या अर्ध्या तासात ते मुळातच बसत नाही.

ज्यांना आमच्याकडचे काही रोजच्या जगण्यात आणायचे आहे त्यांनी चौविहाराचा विचार करावा, असे मी सुचवीन. सूर्य मावळला की अन्न नाही आणि पाणीही नाही, एवढाच नियम आहे. परंतु त्यासाठी घराचे सारे वेळापत्रक हलवावे लागते. नाशिकला जूनमध्ये सातनंतरही उजेड असतो, डिसेंबरात मात्र सहाच्या आतबाहेरच दिवस संपतो. हिवाळ्यात आमच्याकडे साडेपाचला ओटा पुसून झालेला असतो, उकळून गाळलेल्या पाण्याच्या भांड्यावर झाकण पडलेले असते आणि मागे राहिलेल्या माणसासाठी ताट झाकून ठेवण्याची सोय नसते. म्हणून मुलाची शिकवणीची वेळ बदलून घ्यावी लागली. अलीकडे वजन कमी करण्यासाठी लवकर जेवणारे बरेच जण भेटतात, आणि ते चांगलेच आहे. पण आमचा नियम पोटासाठी नसून काळोखात न दिसणाऱ्या आणि दिव्यावर येऊन अन्नात पडणाऱ्या बारीक जीवांसाठी आहे, एवढे ध्यानात असावे.

बी-२०१: नमाज श्रद्धेसह येते, त्यामुळे ती नमुन्यादाखल करवून घेणे मला प्रशस्त वाटत नाही. कोणी शेजारी शांतपणे बसून पाहणार असेल तर मात्र आनंदच आहे.

घेण्यासारखी गोष्ट मला जकात, म्हणजे आमच्याकडचे दरवर्षीचे बंधनकारक दान, वाटते. मनात आले म्हणून पाचशेची नोट काढून दिली, असे तिचे स्वरूप नाही. तो वर्षाचा जमाखर्च आहे. रमजानमध्ये आमचे वडील दुकानाची वही घेऊन बसतात. रोकड, सोने-चांदी आणि विक्रीसाठी असलेला माल एका बाजूला मांडतात, देणी वजा करतात. राहते घर आणि वापरातली गाडी त्यात धरली जात नाही. उरलेली रक्कम साडेबावन्न तोळे चांदीच्या किमतीहून अधिक भरली आणि तिला एक चांद्रवर्ष पूर्ण झाले, तर तिचा चाळिसावा हिस्सा द्यावाच लागतो. तो आईवडिलांना किंवा मुलांना देता येत नाही, कारण त्यांचा सांभाळ हे वेगळे कर्तव्य आहे. गरजू भाऊ-बहिणीला मात्र देता येतो. धंदा मंदीत असला तरी वही उघडावी लागते, आणि माझ्या मते खरी साधना त्या वही उघडण्यात आहे.

ए-२०३: फेब्रुवारीत नाशिकरोडला बाळ येशूच्या यात्रेला आपल्यापैकी पुष्कळ जण येतात, हे मी दरवर्षी पाहते. तिथे मेणबत्ती लावणे सोपे आहे. आमच्याकडची संध्याकाळची आत्मपरीक्षणाची प्रार्थना त्या मानाने अवघड आहे. सोळाव्या शतकात स्पेनमधील संत इग्नेशियस लोयोला यांनी ती घालून दिली. आधी दिवसाबद्दल आभार मानायचे, मग प्रकाश मागायचा, त्यानंतर सकाळपासूनचा दिवस क्रमाने आठवायचा, चुकले त्याची क्षमा मागायची आणि उद्याचा एक निश्चय करायचा. दहा-पंधरा मिनिटे पुरतात. यात केवळ चुका मोजणे अपेक्षित नाही. कोणत्या क्षणी मन हलके झाले आणि कोणत्या क्षणी आकसले, तेही पाहायचे असते. मोलकरणीशी आपण कोणत्या स्वरात बोललो हे रात्री हटकून आठवते, आणि आठवले की सकाळी तिच्यासमोर उभे राहणे जड जाते.

सी-३०१: मी देव मानत नाही. सभागृहात ध्वनिक्षेपक लावणार नसाल तर या कार्यक्रमाला माझी हरकत नाही. ताई, एक शंका विचारतो: ही संध्याकाळची उजळणी माझ्यासारख्याला करता येईल का?

ए-२०३: भाऊ, करता येईल. पहिली पायरी देवाचे आभार मानण्याची आहे. ती वगळली तर प्रार्थना राहणार नाही, हिशेब राहील. पण तो हिशेबही मी वाईट म्हणणार नाही.

ए-५०२: सर्वांचे संदेश वाचले. त्यानुसार प्रस्तावात असा बदल सुचवतो, की बैठक महिन्यातून एकदा व्हावी आणि तिथे साधना करवून न घेता, ज्या घरात ती खरोखर पाळली जाते त्या घरातील व्यक्तीने तिच्याविषयी, विशेषतः तिच्या अडचणींविषयी, बोलावे. ज्याला जे घ्यावेसे वाटेल ते त्याने अटींसकट आपल्या घरी घ्यावे आणि निदान एक चातुर्मास पाळावे.

मात्र बी-३०३ ताईंच्या एका मुद्द्याशी मी अद्यापही सहमत नाही. अनेक धर्मांतील वचने एकत्र आली म्हणजे ती उथळच होतात, असे मला वाटत नाही. गांधीजींच्या प्रार्थनेत गीतेतील श्लोकांबरोबर कुराणातील आयत, पारशी प्रार्थना आणि जपानी बौद्ध मंत्र होता. परंतु तीच प्रार्थना रोज, आजारपणात आणि प्रवासातही होत असे. १९४७ साली दिल्लीत काहींनी कुराणातील आयतीला विरोध केला, तेव्हा गांधीजींनी तेवढा भाग गाळून उरलेली प्रार्थना उरकली नाही, प्रार्थनाच थांबवली.

बी-३०३: काका, आयत गाळून पुढे न जाणे हेच मी म्हणत होते, त्यामुळे आपला मतभेद फार उरलेला दिसत नाही. एकत्र बसायला माझी ना नाही. पहिल्या बैठकीत मी बोलेन. पाचव्या शीलाविषयीही बोलेन.

सचिव: पुढील महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी सात ते आठ या वेळेत सभागृह राखून ठेवले आहे. खुर्च्या केवळ ज्येष्ठांसाठी असतील, इतरांसाठी सतरंज्या घातल्या जातील आणि ध्वनिक्षेपक लावला जाणार नाही. चहा-नाश्त्याची व्यवस्था करावी का, हे कळवावे.

सी-१०४: नाश्ता ठेवल्यास बटाट्याचा आणि कांद्याचा पदार्थ नसावा, ही विनंती.

बी-२०१: रमजानच्या महिन्यातही चहा बंद करण्याचे कारण नाही. तुम्ही घ्या, मी शेजारी बसेन.